सीमाभागातील शाळा आणि सभेतला पहिला प्रश्न
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत लोकशाहीचा विषय निघाला की बसवकल्याणचे नाव पहिल्याने येते. बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती तेथे जमलेल्या अनुभवमंटपाला जगातील पहिली संसद म्हणण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. मंटपात मतदान नव्हते, कायदेही होत नव्हते. तेव्हा ही उपमा उत्साहाचीच मानावी. मात्र संसदेहून दुर्मीळ अशी एक गोष्ट तेथे होती. नावाडी चौडय्या, पादत्राणे शिवणारे हरळय्या, अक्कमहादेवी ही माणसे घरच्या बोलीत बोलत आणि त्या बोलण्याला उत्तर मिळत असे. नागरिकत्वाचे शिक्षण शाळेत द्यावयाचे म्हणजे नेमके हेच मुलांच्या अनुभवास आणून द्यावयाचे.

याच भूमीने उलट अनुभवही घेतला. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून देण्याचे त्याचे धाडस मोठे होते. परंतु ती भाषा उर्दू असल्याने मराठी, कानडी, तेलुगू घरांतील मुलांच्या दृष्टीने ती परकीच ठरली. गुलबर्ग्यात १९०७ मध्ये सुरू झालेले नूतन विद्यालय किंवा मराठवाड्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांचे महत्त्व अशा काळात ध्यानी येते. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि विद्यापीठातून काढून टाकले जाणे पत्करले. नियम का, हा प्रश्न विचारण्याची किंमत त्या मुलांनी शिक्षणानेच मोजली. हिप्परग्यास मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांना १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनी लोकसभेवर पाठविले, हा योगही लक्षणीय आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबादकडील मराठी गावे म्हैसूर राज्यात राहिली. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. कलमाने वर्गाची भाषा सांगितली. वर्गात मुलाने तोंड उघडावे की नाही, हे कोणतेही कलम सांगत नाही.

आता शाळांतून मंत्रिमंडळे निवडली जातात. चिठ्ठ्या पडतात, शपथविधी होतो, छायाचित्र निघते. पुढे स्वच्छतामंत्र्याच्या हाती केरसुणी येते आणि आरोग्यमंत्र्याला शौचालयाच्या कुलपाची किल्लीसुद्धा मिळत नाही. हा खेळ निरर्थक म्हणता येणार नाही, पण तो खेळच राहतो. पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, मध्यान्ह भोजनाची डाळ पातळ का, खेळाचे साहित्य कपाटात बंद का, हे मुलांनी सभेत विचारावे, मुख्याध्यापकांनी उत्तर द्यावे आणि ते इतिवृत्तात लिहिले जावे, एवढे झाले तरी पुष्कळ. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी मुलांची ग्रामसभा भरवावी अशी पद्धत आहे. तेथील कारभार कन्नडमध्ये चालतो. मराठी शाळेतील मुलाला उत्तम कन्नड आले पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. तालुक्याच्या कचेरीत अर्ज त्याच भाषेत द्यावा लागतो. परंतु दहा वर्षांच्या मुलीचा पहिला प्रश्न व्याकरणाच्या भीतीने घशात अडकू नये. तो मराठीत विचारता यावा, उत्तर कन्नडमध्ये आले तरी चालेल.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती आपल्याच घरातली आहे. औरादच्या परिसरात लमाणांचे तांडे आहेत. तांड्यावरचे मूल मराठी शाळेत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. घरी गोरबोली चालते. कन्नडच्या दडपणाची तक्रार मराठी समाज दशकानुदशके करीत आला आहे आणि तक्रार खोटी नाही. मात्र मराठी शाळेच्या सभेत तांड्यावरचा मुलगा मागच्या रांगेत गप्प बसला, तर त्याच्याकरिता मराठीने उर्दूची जुनी जागा घेतली असे म्हणावे लागेल. सीमेपलीकडे अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील कन्नड मुलाच्या वाट्यास मराठीचे असेच दडपण येते.

१९८९ पासून मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो. म्हणजे दहावीनंतर जेमतेम दोन-तीन वर्षांत हे मूल मतदार होते. तोवर सभा पाहिलेली असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती शाळेतच पाहावी असेही नाही. ग्रंथालयाची वार्षिक सभा भरते. तीत बालविभागाच्या सभासदांना मत नसते, ते नियमानुसार ठीकच आहे. पण बालविभागाची पुस्तके दरवर्षी मोठी माणसेच निवडतात. एका वर्षी ती यादी मुलांकडून, तांड्यावरच्या मुलांनाही बोलावून, करून घेता येईल. आणि त्यांनी सुचविलेले एखादे पुस्तक समितीने नाकारलेच, तर नकाराचे कारण त्यांच्यासमोर वाचून दाखविता येईल.