नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी



प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली आणि तिच्यात परसातील शोभेच्या माशांच्या संगोपनाचाही समावेश झाला. तेव्हापासून महिला बचत गट आणि गावातील तरुण या जोडधंद्याची चौकशी करू लागले आहेत. टाकी किती मोठी घ्यावी, मासे कोणते आणावेत, खाद्य कोणते द्यावे, हे प्रश्न सगळे विचारतात. पाणी भरल्यानंतर किती दिवसांनी मासे सोडावेत, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नुकसान नेमके तेथेच होते.

टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे घडते. आठ-दहा दिवसांत मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि एकेक करून मरतात. मग दोष विक्रेत्याला दिला जातो, नाहीतर विहिरीच्या पाण्याला. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते. खरी अडचण त्या स्वच्छपणातच आहे, कारण नव्या टाकीत घाण पचविणारे जिवाणू अजून तयारच झालेले नसतात.

हा विषय आपल्याला नवा नाही. शेतात अमोनियम सल्फेट टाकल्यावर जमिनीतील जिवाणू त्यातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडावे लागते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या गटासाठी नायट्रोबॅक्टरचे नाव दिलेले असते, परंतु गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी आहेत, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. स्पंज, वाळू, काच अशा पृष्ठभागाला ते चिकटून राहतात आणि त्यांची वाढ अतिशय सावकाश होते. दूध नासविणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना त्यासाठी अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून टाकी तयार होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. थंडीत, रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा, याहूनही अधिक.

आता आपल्या पाण्याविषयी. अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरी आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि त्याचा सामू ७ च्या वर असतो. ही गोष्ट एका बाजूने धोक्याची आहे. पाण्यातील एकूण अमोनियापैकी विषारी भाग सामू ७ असताना २५ अंश तापमानाला शेकडा एकपेक्षाही कमी असतो, सामू ८ झाला की तो शेकडा पाचच्या वर जातो आणि ८.५ ला पंधराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच अमोनियाने आपल्याकडचा मासा लवकर मरतो. दुसऱ्या बाजूने हेच जड पाणी जिवाणूंच्या सोयीचे आहे, कारण अमोनिया पचविताना आम्ल तयार होते आणि पाण्यातील क्षार ते शोषून घेतात. गप्पी, मोली, प्लॅटी या माशांनाही जड पाणी मानवते. नवख्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी. उसाच्या पट्ट्यातील विहिरीचे पाणी वापरणार असाल तर त्यात नायट्रेट किती आहे हे आधी तपासून घ्यावे.

ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी घेतल्यास त्यात टीसीएल पावडर टाकलेली असते हे विसरू नये. क्लोरीन माशांना मारतो आणि आपल्या जिवाणूंनाही. असे पाणी उघड्या भांड्यात हवा सोडून किमान २४ तास ठेवावे.

टाकी तयार करताना जिवाणूंना अन्न म्हणून अमोनिया आपण बाहेरून द्यायचा, माशांना त्यासाठी वेठीस धरायचे नाही. पाणी भरून स्पंजचा फिल्टर आणि हवेचा पंप चालू करावा. दर १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवून टाकावे. यातून लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम नत्र मिळते. जास्त टाकल्याने टाकी लवकर तयार होत नाही, उलट जिवाणूंची वाढ अडते. मिश्रखते वापरू नयेत. घरात युरियाची गोणी आहे म्हणून तोही टाकू नये. २०१५ पासून आपल्याकडील युरिया निंबोळी तेलाचे लेपन करून येतो आणि ते लेपन नायट्रेट होण्याची क्रिया मंदावण्यासाठीच आहे. पिकाला जे उपकारक, ते येथे अडथळ्याचे!

यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट पाहावे. संचाला थोडा खर्च येतो, पण मेलेल्या माशांच्या किमतीपुढे तो काहीच नाही. अमोनिया उतरू लागला की निम्मी मात्रा पुन्हा द्यावी. या टप्प्यावर बरेच जण फसतात. अमोनिया शून्यावर आला म्हणजे टाकी तयार झाली असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात त्याच वेळी नायट्राइट शिगेला पोहोचलेले असते. नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी होऊन प्राणवायू वाहून नेत नाही. नत्राची जादा मात्रा दिलेला चारा खाऊन जनावर दगावते तेव्हाही रक्त असेच चॉकलेटी दिसते. दुसऱ्या गटातील जिवाणू उशिरा वाढत असल्याने हा टप्पा लांबतो. तेथे धीर सोडू नये.

शेवटी कसोटी घ्यावी. पूर्ण १ ग्रॅमची मात्रा देऊन बरोबर २४ तासांनी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार झाली. मग साचलेले नायट्रेट घालविण्यासाठी तीन-चतुर्थांश पाणी बदलावे आणि एक-दोन दिवसांतच मासे आणावेत, कारण अन्नाविना जिवाणूही फार दिवस तग धरत नाहीत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून टाकीचे पाणी थोडे थोडे तिच्यात मिसळावे. सगळे मासे एकदम न सोडता दर आठवड्याला थोडे थोडे सोडावेत.

ज्यांनी मासे आधीच सोडले आहेत त्यांनी खाद्य निम्म्यावर आणावे, रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ एकदा विरघळवून टाकावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. अमोनियावर मात्र मिठाचा उपाय चालत नाही.

प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यालाही नवे असताना हीच उणीव असते, कारण तळाला माती नसते. तेथे बराचसा अमोनिया हिरवे शेवाळ खाते, म्हणून पाण्याला हलका हिरवा रंग आल्यानंतरच बीज सोडावे.

हवेचा पंप शेतीपंपाच्या लाइनवर घेऊ नये. ती वीज दिवसभर मिळत नाही आणि हवा बंद पडली की फिल्टरमधील जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. पंप घरगुती जोडणीवर घ्यावा, जमल्यास बॅटरीची सोय ठेवावी. स्पंज धुवायचा झाल्यास टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, नळाखाली कधीही धरू नये.

पहिली टाकी तयार झाली की पुढच्यांना इतका वेळ लागत नाही. दह्याला विरजण लावतो तसे चालू आणि निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा नव्या टाकीत ठेवला तर काम पुष्कळ लवकर होते. त्यासाठी चालू टाकीत दोन जादा स्पंज आतापासूनच टाकून ठेवावेत. शेजारच्या गटाला द्यायचा झाल्यास तो टाकीच्याच पाण्यात बुडवून, उन्हापासून जपून, त्याच दिवशी पोहोचवावा.