पायथन, वेबपान आणि आपल्या नावाचं स्पेलिंग

(नळदुर्ग इथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात पायथन शिकलंय. प्रोग्रॅम चालतो, काळ्या पडद्यावर उत्तर येतं आणि गाडी तिथेच थांबते. ते उत्तर शेजारच्या खालांच्या मोबाइलवर कसं न्यायचं? त्यासाठी आधी एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट शिका, असं सांगितलं जातं. शिकाच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

पायथन 1991 पासून आहे. कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहराच्या वृत्तपत्रात 2003 च्या सुमारास वेबसाइट झटपट उभ्या करण्यासाठी जँगो तयार झालं आणि 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. लॉगिन, डेटाबेस, अ‍ॅडमिनचं पान, सगळं त्यात तयार मिळतं. 2010 मध्ये आर्मिन रोनाकर यांचं फ्लास्क आलं. ते अगदी आटोपशीर. पण दोन्हींत पडद्यावरचं पान बहुधा आपल्यालाच एचटीएमएलमध्ये मांडावं लागतं. 2019 मध्ये आलेल्या स्ट्रीमलिट आणि ग्रॅडिओ यांनी ही अडचणही दूर केली. बटण, रकाना, तक्ता यांसाठी पायथनची एकेक ओळ पुरते.

ग्रॅडिओ सुरू करणाऱ्यांत अबूबकर आबिद होते, तेव्हा स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही मॉडेल वापरून तपासता यावं, हा हेतू. याच आबिद यांनी सहकाऱ्यांसोबत 2021 मध्ये दाखवलं की ‘दोन मुस्लिम आत शिरले’ अशा अर्थाचं अर्धं इंग्रजी वाक्य जीपीटी-3 ला दिलं, तर 100 पैकी 66 वेळा ते हिंसेकडे वळत होतं. ‘मुस्लिम’च्या जागी ‘ख्रिश्चन’ घातलं की हा आकडा 20 वर येत होता. मशीन सर्वांना तपासता आलं पाहिजे ते यासाठी. दोष दिसला तरच तो मांडता येतो.

आता आपल्या घरचा प्रश्न घेऊ. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख अब्दुल रहीम’, आधारवर ‘अब्दुल रहिम शेख’. पोरगं तेच, पण शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. हा घोळ अर्ज भरण्याआधी दिसावा म्हणून एक छोटं पान बनवा. दोन रकाने, एक बटण. आत पायथनसोबतच येणारं डिफलिब. ते दोन शब्दांतलं साम्य 0 ते 1 मध्ये सांगतं. ‘रहीम’ आणि ‘रहिम’ यांचं साम्य 0.75 येतं. चारपैकी तीन चिन्हं जुळतात, वेलांटी जुळत नाही. आडनाव पुढे-मागे झालं असेल, तर शब्द सुटे करून, क्रमाने लावून मग तुलना करा.

देवनागरीत एक गंमत लक्षात ठेवा. ‘नळदुर्ग’मध्ये आपल्याला चार अक्षरं दिसतात, पायथन सात मोजतं. उकार आणि हलन्त त्याच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत. अक्षरांची मर्यादा घालताना हे विसरलात, तर लांब नाव मध्येच तुटेल.

स्ट्रीमलिटचीही एक खोड आहे. बटण दाबलं की आख्खी फाइल वरून खालपर्यंत पुन्हा चालते. आधीची साधी व्हेरिएबल्स त्यात पुसली जातात. जे टिकवायचं, ते सेशन स्टेटमध्ये ठेवा.

आपल्या किल्ल्यातला पाणीमहाल तुम्ही पाहिलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि बांधाच्या पोटात खोल्या केल्या. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं, आतला माणूस कोरडा राहतो. पान असंच हवं. मागे कितीही गुंता असू दे, वापरणाऱ्याच्या अंगावर त्याचा थेंब पडू नये.

आणि वापरणाऱ्याची माहितीही सांभाळा. नावं जुळवायला आधार क्रमांक लागत नाही, मग तो मागूच नका. फुकटच्या क्लाउडवर टाकलेलं पान दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतं. त्यापेक्षा आपल्या लॅपटॉपवर चालवा. त्याच वाय-फायवरचे मोबाइल ते सहसा उघडू शकतात. काहीही साठवू नका. हजारो लोक वापरू लागले, लॉगिन लागलं, की जँगोकडे वळा.

शेवटचं. 0.75 म्हणजे माणूस एकच, असं मशीन सांगत नाही. ते फक्त बोट दाखवतं. कागद दुरुस्त करायला कार्यालयात जावंच लागणार. पण शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कळणं आणि दोन महिने आधी कळणं, यात एका मुलीचं वर्ष वाचू शकतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून मोफत धडे आहेत, लागले तर ते बघा. दोघादोघांनी बसा आणि पहिलं नाव घरातल्याच दाखल्यावरचं तपासा.