बांधकामाची धूळ : थोडं शहराचं, थोडं आपल्या सभागृहाचं

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत आपलं जुनं सभागृह पाडून नवं बांधायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या मीही वाजवल्या. घरी जाताना मात्र मनात आलं, की गाड्या किती उभ्या राहतील, लिफ्ट किती माणसांची, रंगमंच किती फूट, यावर आपण दोन तास बोललो. पाडताना धूळ किती उडेल आणि ती कोणाच्या घरात जाईल, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझी तर सारी नोकरी बांधकामावर गेली. सचिवांना फोन करून ही खंत सांगितली, तर त्यांनी आजची वीस मिनिटं माझ्या पदरात टाकली. तेव्हा ऐकून घ्या.

आधी शहराबद्दल. स्वच्छतेचा पहिला नंबर इंदूरला २०१७ पासून लागोपाठ आठ वेळा मिळाला. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना रात्री सराफ्यात नेतो आणि खाऊ घालता घालता रस्तेही दाखवतो. स्वच्छ हवेच्या सर्वेक्षणातही दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये इंदूर पहिलं आलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्या सर्वेक्षणातले गुण मुख्यतः शहराने कोणते उपाय केले यासाठी असतात. औषध वेळेवर घेतल्याबद्दल रोग्याला शाबासकी द्यावी, तसं ते आहे. रोग संपला असा त्याचा अर्थ नाही. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवा मर्यादेत बसत नाही म्हणून ज्या शहरांना त्यात घेतलं, त्यांत आपलं इंदूर आहे, शेजारचे देवास आणि उज्जैनही आहेत.

ही मर्यादा कसली? हवेतल्या दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणांची मोजणी होते, त्यांना पीएम १० म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी आणि वर्षाची ६० च्या आत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून वर्षाला १५ म्हणते. याहून बारीक, अडीच मायक्रॉनच्या आतले कण फुफ्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात, पण ते जास्त करून धुरातून येतात. बांधकामाची धूळ त्यामानाने जाडी. म्हणून काही जण म्हणतात, "धूळच आहे, नाकात अडकेल, धुऊन टाकू." ओसरीवर बोटाने रेघ ओढता येते ती धूळ नाकात अडकतेही. पण ती उडते तेव्हा तिच्याबरोबर न दिसणारीही उडते, आणि ती नाकात थांबत नाही.

एक गोष्ट आपल्या माळव्याच्या बाजूची आहे, ती सांगायला हवी. आपला दगड काळा, बेसाल्टचा. त्याच्या गिट्टीत (आपण इंदूरकर खडीला गिट्टीच म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसले तरी) गारेचं प्रमाण फार थोडं असतं. पण नर्मदेची वाळू जवळजवळ गारच. ती वाळू घातलेल्या प्लास्टरला, काँक्रीटला किंवा ग्रॅनाइटला कोरडा कटर लावला की त्या गारेचं पीठ होतं. तेच पीठ वर्षानुवर्षं छातीत गेलं की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारं औषध नाही. त्या कटरसमोर झाबुआ-आलिराजपूरकडून आलेला मुलगा तोंडाला गमछा बांधून बसलेला असतो. गमछ्याने उन्हाची झळ थांबते, हे पीठ थांबत नाही.

आता काँक्रीटच्या कारखान्याचं. तयार काँक्रीट, म्हणजे ज्याला सगळे आरएमसी म्हणतात, ते फिरत्या पिंपाच्या गाडीतून येतं. एका गाडीत साधारण सहा घनमीटर, म्हणजे चौदा-पंधरा टन माल. हे कारखाने वस्तीजवळ का येतात, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर घड्याळात आहे. भारतीय मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत माल उतरला पाहिजे, नाहीतर तो घट्ट होऊ लागतो. शहराची वाहतूक पाहता मालकाला कारखाना लांब नेणं परवडत नाही. म्हणजे आपल्याला घराजवळ उंच इमारती हव्यात, आणि काँक्रीट मात्र दूर कुठेतरी बनावं, हे जमणारं नाही. कारखाना जवळ येणारच असेल तर तो झाकलेला कसा राहील, हे बघायचं.

माझी धाकटी बहीण बायपासकडे राहते. तिच्या कॉलनीमागच्या रिकाम्या जागेत असा कारखाना उभा राहिला. सकाळी गच्चीवर तुळशीच्या पानांवर करडा थर बसलेला. तक्रार केली की कारखान्याचा माणूस यायचा, फवारे दाखवायचा. फवारे खरोखर चालू असायचे. शेवटी ती मला म्हणाली, "दादा, तू सगळा जन्म हेच केलंस, एकदा बघून तरी जा." मी दोन रात्री तिच्या गच्चीवर बसलो. दिवसा काही दिसेना. रात्री अकराच्या पुढे सिमेंटचे बल्कर आले आणि कोडं सुटलं.

सुटं सिमेंट टँकरमधून येतं आणि हवेच्या दाबाने नळीतून उंच टाकीत, सायलोत, चढवलं जातं. सिमेंट आत जातं तशी हवा बाहेर निघायला हवी. तिच्यासाठी टाकीच्या डोक्यावर कापडी गाळण्या असतात. गाळण्या सिमेंटने तुंबल्या की आत दाब वाढतो, टाकी फुटू नये म्हणून वरची झडप उघडते आणि करडा लोट बाहेर पडतो. फवारे खाली गिट्टीच्या ढिगावर, लोट वर साठ फुटांवर. दोघांची भेटच होत नाही! मग बहिणीने आणि तिच्या शेजारणींनी महिनाभर एका वहीत लिहून ठेवलं : बल्कर किती वाजता आला, लोट किती मिनिटं निघाला, वारा कुणीकडचा. "फार धूळ होते हो" या अर्जाला उत्तर मिळत नव्हतं. वहीची प्रत जोडल्यावर मिळालं, आणि गाळण्या बदलल्या. घरात आत्या-काकूंना हिशेब लिहायची सवय असते, ती अशी उपयोगी पडली.

रस्त्याचा प्रश्न मात्र तिथे अजून तसाच आहे. गाडीच्या मागच्या पन्हळीतून काँक्रीट सांडतं, चाकांना चिखल लागून तो फाटकाबाहेर येतो. ते वाळतं, पुढच्या गाड्यांखाली त्याचं पीठ होतं आणि प्रत्येक चाकामागून ते पुन्हा उडतं. बाहेर पडायच्या तोंडाशी चाकं धुवायची जागा केली की यातलं बरंचसं थांबतं. यंत्रही लागत नाही, एक उथळ हौद आणि पाण्याचा पाइप पुरतो.

आणि हे सगळं सांगणारे नियम नाहीत असं समजू नका. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचना काढली. हवा मर्यादेबाहेर असलेल्या शहरांत बांधकाम आणि पाडकाम करताना माती, वाळू, मलबा उघडा ठेवायचा नाही, रस्त्याच्या कडेला टाकायचा नाही, उघड्यावर दगड किंवा फरशी कापायची-घासायची नाही, झाकल्याशिवाय माल वाहायचा नाही, पाणी फवारायची सोय हवी. आणि आणखी एक : धूळ रोखायला काय काय केलं आहे, याचा फलक लोकांना दिसेल असा लावायचा. मी रोज सकाळी फिरायला जातो तेव्हा वाटेत चार-पाच बांधकामं लागतात. फ्लॅट कितीचे आहेत याचे फलक सगळीकडे आहेत, धुळीचा एकही अजून दिसला नाही. तुम्ही उद्या जाता-येता बघा आणि सापडला तर मला सांगा.

आपल्यापैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी मुंबईला आहे. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने मोठ्या बांधकामांभोवती पस्तीस फूट उंच पत्रे लावायला सांगितले. पुढे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं काही काळ थांबवावीही लागली. तिथे समुद्राचा वारा धूळ वाहून नेतो, तरी ही अवस्था. आपल्याकडे हिवाळ्यात थंड हवा खाली दाटून बसते, वारा पडलेला असतो, उडालेलं इथेच फिरत राहतं.

आता जे सांगायला खरं तर उभा राहिलो ते.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही आमचं वडिलोपार्जित घर बिल्डरला दिलं. लाकूड, वीट आणि चुन्याचं घर. पाडकाम डिसेंबरात झालं, कारण दिवाळीनंतरचा मुहूर्त निघाला. पाणी मारलं नाही, जाळी लावली नाही. चुना आणि माती एवढी उडाली की समोरच्या घराचे दरवाजे आठ दिवस बंद होते. त्या घरात दम्याच्या आजी होत्या. लहानपणी मी त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली होती. दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, घरचे कोणी काही बोलले नाहीत, आणि तेच मला लागलं. मी इंजिनिअर, रोज दुसऱ्यांच्या कामावर ठेकेदाराला पाणी मारायला सांगणारा. स्वतःच्या घराच्या वेळी मी भाड्याच्या घराचं सामान लावत बसलो होतो.

आपल्या सभागृहाच्या मागच्या भिंतीपासून शेजारच्या वाड्याची खिडकी आठ फुटांवर आहे. त्या खिडकीतून काकू आपली नाटकं फुकट बघतात असं आपण थट्टेने म्हणतो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून माझ्या सूचना करारनाम्यातच घाला, तोंडी ठेवू नका. ठेकेदार तोंडी सगळ्याला हो म्हणतो. पाडकाम वरून खाली, मजल्यामजल्याने, भिंत भिजवून मगच. चारी बाजूंनी पत्रे आणि वर हिरवी जाळी. मलबा त्याच दिवशी झाकून महापालिकेच्या केंद्रावर. त्याचे पेव्हर ब्लॉक होतात, नाल्यात टाकला तर काहीच होत नाही. फरशी कापायची ती पाणी सोडून. मजुरांना चांगले मास्क, आणि त्यांचे पैसे आपल्या अंदाजपत्रकात वेगळे दाखवायचे, म्हणजे ते "विसरले" जाणार नाहीत. खर्च वाढेल, हे आधीच सांगतो. खजिनदारांच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे.

छपराबद्दल विशेष काळजी घ्या. आपले पत्रे जुने, ॲस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. ते फोडले की त्यातले तंतू हवेत जातात आणि ते धुळीपेक्षाही वाईट. हातोडा लावायचा नाही. ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून रीतसर विल्हेवाटीला द्यायचे. मागच्या सभेत कोणीतरी म्हणालं की ते गोठ्यासाठी कुणाला तरी देऊन टाकू, पुण्य लागेल. कृपा करून असलं पुण्य घेऊ नका.

राहिला मुहूर्त. ठरावात लिहिलं आहे, पाडकाम दिवाळीनंतर. माझी विनंती, ते गणपती उठल्यावर लगेच, पितृपंधरवड्यात सुरू करा. कुजबुज ऐकू येते आहे. पण नव्या कामाचा आरंभ पितृपक्षात नको, असं म्हणतात. पाडणं हा कसला आरंभ? त्या दिवसांत भिंती पावसाने भिजलेल्या असतात, जमीन ओली असते, एखादी सर अजून येते आणि हवा वाहती असते. नवरात्र बसेपर्यंत मैदान मोकळं होईल, दसऱ्याला हौसेने भूमिपूजन करा, नारळ मी आणीन. तेच काम कार्तिक-मार्गशीर्षात नेलं तर सगळी धूळ काकूंच्या खिडकीशी थांबून राहील. गुरुजींशी मी बोललो आहे. ते म्हणाले, "पाडायला मुहूर्त तुम्ही पहिल्यांदाच विचारताय."

यंदाचा गणपती हा या जुन्या सभागृहातला शेवटचा. आरतीच्या वेळी काकूंची खिडकी उघडी असेलच. त्याआधी त्यांच्या घरी जाऊन काम कधी, किती दिवस, आणि तेवढे दिवस त्यांना मुलीकडे राहायला जाता येईल का, हे विचारायला हवं. मी येत्या रविवारी सकाळी जाणार आहे. कार्यकारिणीपैकी कोणी बरोबर आलं तर बरं दिसेल. दहा वाजता फाटकाशी भेटू.