डिस्चार्ज कार्ड घरात कोण वाचतं?

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. किडनी बदललेल्या पेशंटला घरी सोडताना औषधं आणि पथ्यं समजावून सांगणं, हे माझं रोजचं काम. ते तुमच्यासमोर मांडतेय, कारण डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि घरात ते वाचून सांगायची वेळ बहुतेकदा तुमच्यावरच येते.

आधी गोळ्या कशासाठी, ते बघू. 1954 साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने ती किडनी परकी मानली नाही. इतरांचं तसं नसतं. अगदी अम्मीने दिलेली किडनी असली, तरी आपली प्रतिकारशक्ती तिच्यावर हल्ला करते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या हा हल्ला रोखतात. म्हणून किडनी चालू आहे तोवर गोळ्या चालू.

बरं वाटतंय म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून काही जण त्या बंद करतात. सुरुवातीला काहीच दुखत नाही, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन वाढत जातं. त्यामुळे रक्ततपासणी चुकवू नका. पैशांची अडचण असेल तर गोळ्या संपण्याआधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा. टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग सकाळची गोळी घ्यायची.

मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी किडनीला इजा होते. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची लेव्हल खाली येते, काही अँटिबायोटिक्समुळे ती वर जाते. हकिमाचा काढा असो की दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. लग्न झालेल्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट. मायकोफेनोलेटमुळे गर्भाला धोका असतो, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता रमजान. आपल्याकडे सहरी ते इफ्तार 12 तासांच्या पुढे जातात. टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी दर 12 तासांनी असते, शिवाय पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. पहिल्या वर्षी डॉक्टर सहसा रोजे ठेवू देत नाहीत. पुढे काय करायचं, ते प्रत्येकाचे रिपोर्ट बघून ठरतं. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. घरातल्या मोठ्यांना ही आठवण अदबीने करून द्या. रोजा सोडणाऱ्याला कुणी टोमणे मारत असेल, तर तिथे गप्प बसू नका.

समजावून कसं सांगायचं, तेही ऐका. एक चाचा माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी मी म्हटलं, "चाचा, आता तुम्ही मला सांगा, ताप आला तर काय करायचं?" ते म्हणाले, "तापाची गोळी घेईन, दोन दिवस वाट बघेन." खरं तर प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला की त्याच दिवशी फोन करायचा असतो. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली, किंवा ओटीपोटात जिथे नवी किडनी बसवली आहे तिथे दुखू लागलं, तरीही तसंच. त्यामुळे "समजलं का?" असं विचारू नका. पेशंटकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्या, मग ते मराठीत असो, दखनीत असो की उर्दूत. चुकलं तर न रागावता पुन्हा सांगा.

एक वही करा. रोजचं वजन, बीपी, ताप, लघवीचं माप आणि गोळ्यांची वेळ तिच्यात लिहा. प्रत्येक तपासणीला ती सोबत न्या.

आणि त्याच वहीत एक पान किडनी देणाऱ्यासाठी ठेवा. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. ऑपरेशननंतर सगळं घर पेशंटभोवती फिरतं, आणि देणारी अम्मी किंवा भाभी आठवड्याभरात चुलीपुढे उभी असते. तिचं बीपी, लघवी आणि क्रिएटिनिनही दर वर्षी तपासायला हवं. तिची तारीख तुम्ही लिहून ठेवा, आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा.