गळ, माशी आणि बालाघाटचें पाणी

तेर येथें गोरोबाकाकांच्या देवळाजवळून वाहणाऱ्या तेरणेच्या कांठीं पावसाळा ओसरल्यावर एखादा मुलगा गळ टाकून बसलेला दिसतो. बांबूची काठी, सुताचा दोरा, त्यावर तरंगणारा पिसाचा किंवा बोरूचा तुकडा आणि गळाला टोंचलेलें गांडूळ, एवढेंच त्याचें साहित्य. त्याची सारी भिस्त दोन गोष्टींवर असते. मासा भुकेला असावा आणि आमिष खरोखरीच खाण्याजोगें असावें. परंतु जगांत मासे धरण्याची एक अशीही रीत आहे कीं तींत आमिष म्हणून खाण्याजोगें कांहींच नसतें. बारीकशा गळाभोवतीं पक्ष्याचें पीस, सशाची लव आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली ती नुसती आकृति असते. या आकृतीस इंग्रजींत ‘फ्लाय’ म्हणजे माशी असें म्हणतात आणि या विद्येस ‘फ्लाय फिशिंग’ हें नांव आहे. पिसाच्या तुकड्याला मासा फसतो कां, आणि त्या फसवणुकींतून धाराशिवच्या माणसानें शिकावें असें कांहीं आहे काय, हा या भाषणाचा विषय होय.

ही विद्या फार जुनी आहे. मासिडोनियांतील लोक तांबड्या लोकरीला कोंबड्याचीं पिसें बांधून ठिपकेदार मासे धरीत, असें इसवी सनाच्या सुमारें दोनशेव्या वर्षीं ईलियन या ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे. ते मासे ट्राउट असावेत असें मानलें जातें. ट्राउट हा थंड, स्वच्छ व वाहत्या पाण्याचा मासा. प्रवाहांत तो एका दगडाच्या आडोशाला तोंड वर करून उभा राहतो आणि पाणी जें वाहून आणील त्यांतून वेंचून खातो. त्याची नजर तीक्ष्ण असते आणि संशय त्याहून तीक्ष्ण. साध्या गळाला शिशाची गोळी बांधली म्हणजे तिच्या भारानें दोरा दूर जातो. येथें तसें नाहीं. पिसाच्या माशीला वजनच नसतें. म्हणून दोरीच जड केलेली असते. आठ-दहा फुटांच्या लवचिक काठीनें ती दोरी प्रथम मागें व मग पुढें झुगारली कीं हवेंत तिचा पट्टा उलगडत जातो, आणि शेवटच्या बारीक तातीच्या टोंकाशीं असलेली माशी पाण्यावर अलगद उतरते. चाबूक मारणाऱ्याचा हात आणि पतंग उडविणाऱ्याचें बोट, हीं दोन्ही या कामीं लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत फ्रेडरिक हॅलफोर्ड या गृहस्थानें या विद्येला जवळजवळ शास्त्राचें रूप दिलें. त्याचा पहिला ग्रंथ १८८६ सालीं निघाला. माशी कोरडी असावी, ती पाण्यावर तरंगावी आणि पृष्ठभागीं येऊन खाणाऱ्या माशाच्या पुढ्यांतच ती टाकावी, असा त्याचा दंडक होता. त्याच्या अनुयायांनीं हा दंडक धर्माज्ञेसारखा मानला. पाण्याखालीं आमिष बुडविणें हें त्यांना सभ्य माणसास न शोभणारें वाटूं लागलें.

या मताला जी. ई. एम. स्क्यूज या वकिलानें आव्हान दिलें. त्याची पद्धत साधी होती. धरलेल्या माशाच्या पोटांतील अन्न तो चमच्यानें काढी, पांढऱ्या बशींतील पाण्यांत पसरी आणि निरखून पाही. त्यांत पंख फुटलेल्या माश्या थोड्या आणि पंख न फुटलेले किडे पुष्कळ, असें त्याला आढळून आलें. मासा दिवसाचें बहुतेक अन्न पाण्याखालींच खातो, मग आपण केवळ पृष्ठभागाकडेच कां पाहावें, हा त्याचा प्रश्न होता. १९१० आणि १९२१ सालच्या ग्रंथांतून त्यानें आपलें म्हणणें मांडलें. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत या प्रश्नावर मोठा वाद झाला. स्क्यूज तेव्हां ऐंशीच्या घरांत आला होता. त्या सभेंत बहुमत त्याच्या विरुद्ध होतें; पण पुढें नद्यांवर चालली ती त्याचीच रीत. ग्रंथापेक्षां माशाच्या पोटाची साक्ष अधिक खरी ठरली.

पाण्याखालच्या या किड्यांस इंग्रजींत ‘निंफ’ आणि आपल्या शास्त्रीय परिभाषेंत ‘अर्भक’ म्हणतात. मेफ्लाय नांवाच्या माशीचेंच उदाहरण घ्यावें. तिचें अर्भक महिनोन्महिने, कधीं कधीं वर्षाहूनही अधिक काळ, दगडाच्या खालच्या बाजूस चिकटून राहतें आणि तेथील शेवाळ खातें. मग एके दिवशीं तें पृष्ठभागाकडे निघतें, कातडी टाकतें आणि पंख पसरून उडतें. पंख फुटलेल्या या माशीला खाण्याजोगें तोंडच नसतें. कांहीं तास किंवा एक-दोन दिवस, एवढेंच तिचें आयुष्य. तेवढ्यांत अंडीं घालून ती मरते. आपल्याकडे मुलें शेपटीला दोरा बांधून ज्याला उडवितात तो चतुरही असाच बालपणीं पाण्यांत राहणारा जीव आहे. त्याचें अर्भक आपला खालचा ओठ हातासारखा पुढें फेंकून डासांच्या अळ्या पकडतें. कॅडिस माशीची अळी तर वाळूचे कण रेशमानें सांधून स्वतःपुरतें घर बांधते. नदीचा तळ म्हणजे नुसते दगड नव्हेत. ती एक भरवस्तीची पेठ आहे.

या अर्भकाची नक्कल करून मासा धरावयाचा तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, नक्कल योग्य खोलीवर जावी. दुसरी, ती प्रवाहाच्या गतीनेंच वाहावी. दोरी ताणली गेली कीं माशी पाण्याहून वेगानें ओढली जाते आणि ट्राउट तात्काळ तोंड फिरवितो, कारण खरा किडा तसा कधींच वाहत नाहीं. म्हणून धरणारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाक करतो आणि वाहून येणारी सैल दोरी काठी उचलून हलकेच आवरीत जातो. मासा चावल्याचा धक्का हाताला क्वचितच जाणवतो. दोरीचें टोंक क्षणभर थबकतें, किंवा पाण्याखालीं एक पांढरी चमक दिसते. तेवढी खूण पाहून मनगट उचलावयाचें असतें. मागाहून एव्हन नदीचा रखवालदार फ्रॅंक सॉयर यानें तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतु नुसत्या तांब्याच्या तारेनें बांधून एक अर्भक बनविलें. तारेमुळें वजनही आलें आणि धाग्याचें कामही भागलें. त्याला त्यानें पाय लावले नाहींत, कारण पोहणारें अर्भक पाय अंगाशीं घट्ट मिटून घेतें, हें त्यानें नदीकांठीं बसून पाहिलें होतें. त्याचा ग्रंथ १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. १९८० नंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया येथील स्पर्धकांनीं आंखूड दोरी व जड अर्भकें घेऊन जवळच्या जवळ तळ चाळण्याची रीत रूढ केली. साधनें बदललीं, परंतु मूळ तत्त्व स्क्यूजचेंच राहिलें.

आतां प्रश्न असा कीं, हा ट्राउट आपल्याकडे आणतां येईल काय? हिंदुस्थानांत तो आणला गेला आहे. काश्मिरास १८९९ सालीं पाठविलेलीं अंडीं वाटेंतच नासलीं. १९०० सालीं स्कॉटलंडाहून आलेल्या अंड्यांनीं तेथें वंश धरला. निलगिरींत फ्रान्सिस डे यानें १८६० नंतरच्या दशकांत केलेले प्रयत्न फसले. १९०७ च्या सुमारास एच. सी. विल्सन यास यश आलें. परंतु काश्मिरांत हिमाचें पाणी आहे आणि उटी सात हजार फुटांहून उंच आहे. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम एकवीसशे फुटांवर वसलें आहे आणि उन्हाळ्यांत येथील हवा चाळीस अंश सेंटिग्रेडच्या वर तापते. पाणी तापलें कीं त्यांत विरघळलेला प्राणवायु उडून जातो. दहा अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें अकरा मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यांत साडेसातच. ट्राउटला पंचवीस अंशांचें पाणीसुद्धां प्राणघातक ठरतें. बालाघाटच्या माथ्यावरून कांहीं पाणी मांजरा-तेरणेंतून गोदावरीस आणि कांहीं सीना-बोरींतून भीमेस जातें. पण यांतील एकही प्रवाह वैशाखांत ट्राउटला जगवूं शकणार नाहीं.

निसर्गानें या प्रदेशासाठीं दुसराच मासा घडविला आहे. तो मरळ. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवा भरून घेण्याची एक पोकळी असते. पाण्यांतील प्राणवायु संपला तरी तो वर येऊन हवेचा घोट घेतो. उलट त्याला पृष्ठभागावर येऊं दिलें नाहीं तर तो मासा असूनही पाण्यांत गुदमरून मरतो. आटत जाणाऱ्या तळ्यांत टिकून राहण्याचें त्याचें रहस्य हेंच होय. शिवाय मरळ हा अपत्यवत्सल प्राणी आहे. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर खळबळत असतो आणि आईबाप त्याखालीं पहारा करीत असतात. गळाचे कांहीं शौकीन नेमक्या त्याच थव्यावर बेडकी फेंकतात. तेथें मरळ झेंप घेतो तो भुकेनें नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठीं. तो एक मासा टोपलींत पडला कीं मागचा सगळा थवा इतर माशांचें भक्ष्य होतो. ज्या शौकांत माशाच्या स्वभावाचें ज्ञान लागतें, त्यांत त्या ज्ञानाचा असा उपयोग करणें कितपत उचित, याचा विचार शौकिनांनींच केला पाहिजे.

दख्खनच्या नद्यांतील गळाचा राजा मात्र महसीर. कर्नल साइक्स यानें पुण्याजवळच्या मुळामुठेंतील माशांचें वर्णन करून महसीरच्या एका जातीला ‘खुद्री’ हें देशी नांवच शास्त्रांत रूढ केलें. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांतील. धरणें वाढलीं आणि हा मासा घटला, तेव्हां १९७० नंतर लोणावळ्याच्या वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें त्याचीं अंडीं उबविण्याचें केंद्र चालविलें. उद्योग स्तुत्य होता. परंतु त्या केंद्रांतील पिल्लें कावेरींतही सोडण्यांत आलीं, आणि त्याचा परिणाम कोणाच्या ध्यानीं आला नव्हता असा झाला. कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर निराळा होता. १९४६ सालीं त्या खोऱ्यांतील काबिनी नदींत त्याचा १२० पौंडांचा नमुना गळाला लागला होता. पाहुण्या निळ्या परांच्या महसीरानें त्याची जागा घेतली, आणि तो मूळचा मासा २०१८ सालीं नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरील प्राण्यांच्या यादींत गेला. मत्स्यप्रेमानें केलेलें कार्यही अज्ञानानें केलें तर घातक होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. उलट महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडींत वरदायिनी देवीच्या नांवानें लोक मासे धरीत नाहींत; तेथें कोणी नवें कांहीं सोडलें नाहीं, फक्त जें होतें तें राखलें, आणि महसीर टिकला.

या सर्व गोष्टींचा धाराशिवशीं संबंध काय? संबंध अर्भकाच्या द्वारें येतो. मेफ्लाय आणि कॅडिस यांच्या अनेक जातींस घाण पाणी सोसत नाहीं. गांवाचें सांडपाणी नदींत शिरलें कीं प्रथम हे किडे नाहींसे होतात आणि त्यांच्या जागीं गाळांत वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या दिसूं लागतात. मासे मेल्यावर नदी बिघडल्याचें सर्वांनाच कळतें. दगड उलटून पाहणाऱ्याला तें पुष्कळ आधीं कळतें.

आपल्या नद्या आटणाऱ्या आहेत, हें खरें. परंतु डोहांत उरलेलें पाणी आणि वाळूखालीं राहिलेली ओल यांच्या आश्रयानें हे जीव उन्हाळा काढतात, आणि पहिला पूर येतांच तेथूनच सारी नदी पुन्हां वसवितात. वाळू उपसली आणि डोह बुजले कीं हें बियाणेंच नाहींसें होतें. २०१६ सालच्या एप्रिलांत बीड व धाराशिवच्या सीमेवरील मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. माणसांसाठीं आगगाडी आली. नदीच्या तळाच्या वस्तीसाठीं तशी सोय कोणीच करूं शकत नाहीं. तिला आधार डोहाचा आणि वाळूचाच.

तेरणेच्या कांठीं बसलेल्या मुलाला ट्राउटची काठी नको आणि फेझंटचें पीसही नको. स्क्यूजची पांढरी बशी मात्र त्याला उपयोगी पडेल. आश्विनांत पाणी निवळल्यावर त्यानें उथळांतील दगड उचलावा, त्याची खालची बाजू बशींतील पाण्यांत धुवावी, तीन शेपट्यांचें अर्भक किंवा वाळूचें घर दिसतें काय तें पाहावें, आणि दगड होता तसाच परत ठेवावा. पुढच्या वर्षीं त्याच जागीं पुन्हां पाहावें. किडे वाढले कीं घटले याची नोंद गांवच्या शाळेनें ठेवली, तर दहा वर्षांत आपल्या नदीची प्रकृति सुधारते आहे कीं ढासळते आहे, हें सांगावयास बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागणार नाहीं. गळ टाकण्यापूर्वीं नदी वाचावी, हाच या परदेशी विद्येचा सार आहे. आणि तो बालाघाटच्या पाण्यालाही तितकाच लागू पडतो.