नांगराने शिकविलेली अभियांत्रिकी

(अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९०३ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती पलटवत नाही. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात आणि वरवरच्या नांगरटीला दाद देत नाहीत. लोखंडी नांगराचा फाळ माती खोल कापतो, वरचे वाकलेले पाते ती उचलून उलथी करते आणि तणाची मुळे उन्हात पडतात. तंत्र निर्दोष होते. तरीही पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

या समजुतीला हसणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र बदलते. त्याच्यापाशी एकच जमीन, एकच बैलजोडी आणि वर्षातून एकच हंगाम. नवे अवजार फसले तर कारखानदाराचा एक नांगर वाया जातो, शेतकऱ्याचे मात्र अख्खे वर्ष बुडते. शिवाय गावातला लाकडी नांगर मोडला, तर इसाड किंवा रुमणे गावचा सुतार त्याच दिवशी बसवून देतो. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर कोणाकडे जायचे? त्याला जादा बैल लागले तर ते कोठून आणायचे? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. अवजार वापरणाऱ्याने ते बनविणाऱ्याची घेतलेली ती परीक्षा होती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने शिकायचा पहिला धडा हाच. वस्तू घडली म्हणजे रचना पूर्ण झाली असे नव्हे. वापरणाऱ्याच्या हाती ती विश्वासाने नांदू लागते, तेव्हाच रचना पूर्ण होते.

लक्ष्मणरावांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग नांगर, असा हा प्रवास झाला. रेखाटनाची शिस्त आणि हाताची सवय या दोन गोष्टी त्यांच्याकडे एकत्र नांदत होत्या. आजच्या शिक्षणात नेमकी हीच जोडी फुटली आहे.

बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे ३२ एकर माळरान देऊ केले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंगाच्या त्या माळावर कारखान्याबरोबर एक वसाहतही घडली आणि तिच्यात अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्या काळी सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे नव्हते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. याच परिसरात कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये काचकारखाना सुरू झाला. त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्याआधी ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगराची विक्री करीत गावेच्या गावे पालथी घातली होती. ‘कमवा व शिका’ हा मार्ग सांगणाऱ्या माणसाला श्रमाचे आणि शेतकऱ्याच्या मनाचे शिक्षण या फिरतीतही मिळाले, हे विसरून चालणार नाही.

कागदावरचे आणि हातातले

या भूमीत अभियांत्रिकीची महाविद्यालयेही रुजली. सांगलीचे आजचे वालचंद महाविद्यालय १९४७ मधले, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मधले, तर वाळवा तालुक्यातील राजारामनगरची राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ मधली. अभियांत्रिकी शिक्षणातील प्रयोगांना वाहिलेले एक इंग्रजी संशोधन नियतकालिक याच राजारामनगरातून निघते, ही सांगलीकरांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. गेल्या दशकात हुबळीच्या केएलई तंत्रविद्यापीठासारख्या ठिकाणी प्रथम वर्षातच प्रत्यक्ष प्रकल्पावर आधारलेला रचनेचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांचे छोटे गट करायचे, भोवतालची एखादी अडचण शोधायची, रेखाटन काढायचे, पुठ्ठ्याचा नमुना करायचा, मग खरा नमुना घडवायचा, तो तपासायचा आणि सुधारायचा, असा हा क्रम असतो. गणित-भौतिकी आधी आणि वस्तू चौथ्या वर्षी, ही जुनी रीत त्याने उलटी केली.

अशा प्रकल्पातून विद्यार्थी नेमके काय शिकतो? तासगाव परिसरातील बेदाण्याचे एक उदाहरण कल्पून पाहू. द्राक्षे शेडमधील जाळ्यांच्या थरांवर वाळत घालतात. वर छप्पर असते, बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या असतात. अवकाळी पाऊस आला की धावपळ करून बाजूंना कागद बांधावा लागतो. एका गटाने ठरविले की नळीवर गुंडाळलेला पडदा हातचक्राने खाली सोडायचा. दोन फुटांचा पुठ्ठ्याचा नमुना उत्तम चालतो आणि गट खूश होतो. मग पूर्ण लांबीची नळी लावली, की ती मधोमध वाकते, पडदा तिरका गुंडाळला जातो आणि चक्र अडते.

येथे पाठ्यपुस्तकातले सूत्र जिवंत होते. दोन टोकांवर टेकलेल्या नळीची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर स्वतःच्या वजनाने येणारा बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. हे वाक्य परीक्षेत लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. वाकलेली नळी हातात धरून ते ज्याला समजले, तो पुन्हा आयुष्यात लहान नमुन्यावर आंधळा विश्वास ठेवणार नाही. गट मधे आधार देतो आणि पडदा चालू लागतो. मग बागायतदार विचारतो, “पाऊस थांबल्यावर हा लगेच उघडतो का? वारा कोंडला तर माल काळा पडेल.” शेडवर काम करणारी मावशी सांगते, “चक्र इतक्या उंचावर लावलंय, आमचा हात कसा पुरायचा?” या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात नव्हती. ती शेडवरच मिळायची होती. दुसरा नमुना पहिल्यापेक्षा चांगला होतो, तो अशा प्रश्नांमुळे.

म्हणून या अभ्यासक्रमात गुण कशाला द्यायचे, हा कळीचा मुद्दा ठरतो. शेवटच्या दिवशी चालणाऱ्या यंत्रालाच गुण मिळाले, तर विद्यार्थी सोपी अडचण निवडतो किंवा बाजारातून तयार प्रकल्प आणतो. असे प्रकल्प शहरोशहरी विकत मिळतात, हे उघड गुपित आहे. पहिला नमुना का फसला, काय मोजले, काय बदलले, याची रोजची नोंदवही तपासली जाऊ लागली, की नक्कल निरुपयोगी ठरते. चालते यंत्र विकत घेता येते. फसलेल्या तीन नमुन्यांची प्रामाणिक नोंद मात्र विकत मिळत नाही.

पूजा आणि परिश्रम

प्रश्न केवळ महाविद्यालयांचा नाही, समाजाचाही आहे. खंडेनवमीला आपण अवजारांना फुले वाहतो, विश्वकर्म्याला देव मानतो. पण त्या अवजाराने पोट भरणाऱ्या सुताराला, लोहाराला, चांभाराला ज्ञानी माणसाचा मान किती वेळा दिला? लिहिणारे हात वेगळे आणि घडविणारे हात वेगळे, अशी फाळणी आपल्या समाजाने दीर्घकाळ जोपासली. तिने माणसामाणसांत उच्चनीचता पेरली आणि ज्ञानाचीही हानी केली. घडविणाऱ्याचे अनुभव ग्रंथात उतरले नाहीत आणि ग्रंथातील विचार घडविणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही. समरसता ही व्यासपीठावरून सांगायची गोष्ट राहू नये, ती कार्यशाळेत दिसावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, केंद्र सरकारने १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. महाविद्यालयांनीही एक पाऊल पुढे टाकावे. परिसरातील अनुभवी लोहार-सुतारांना वर्षातून काही दिवस मानधन देऊन अध्यापक म्हणून बोलवावे. लोखंड तापल्यावर कोणत्या रंगाला ठोकायचे, हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवावे. त्यांना ‘सर’ म्हणताना विद्यार्थ्याची जीभ अडखळली, तर शिक्षण कोठे अपुरे राहिले तेही कळेल.

स्वदेशीचा अर्थही येथे नीट समजतो. परदेशी माल नाकारणे हा तिचा अर्धाच भाग झाला. आपली जमीन, आपले हवामान आणि आपल्या माणसाचा खिसा ओळखून वस्तू घडविणे, आणि ती मोडली तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल अशी रचना करणे, हा उरलेला अर्धा भाग. तो घोषणांनी साधत नाही. त्यासाठी मोजपट्टी, कानस आणि धीर लागतो.

पालकांकडे एक मागणे आहे. सत्र संपल्यावर मुलाला किंवा मुलीला गुण विचारण्याआधी विचारावे, “यंदा काय बनवलेस, ते कुठे अडले आणि कोणी वापरून पाहिले?” हात काळे करून आलेल्या मुलाला ‘हेच करायचे होते तर एवढी फी कशाला भरली’ असे बोलू नये. विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. प्रकल्पाचा विषय पडद्यावर शोधू नका. एखादा रविवार आपल्याच गावच्या मळ्यात, गुऱ्हाळावर, हळदीच्या खळ्यावर काढा आणि तेथे माणूस कशाने थकतो ते पाहा. ज्याला गिऱ्हाईक नव्हते, त्याच नांगराने पुढे माळावर एक गाव वसविले. पहिला नमुना फसला तर तो फेकून देऊ नका. नोंदवहीत त्याचे चित्र काढा, खाली कारण लिहा आणि दुसऱ्याच्या कामाला लागा.