हाती सापडलेला शत्रू



युद्धाची गोष्ट निघाली की आपण रणांगणाविषयी बोलतो. कोण शूर, कोण पळपुटा, कोणाच्या तोफेचा पल्ला किती, याची चर्चा चहाच्या टपरीवरही रंगते. आज आम्ही बोलणार आहोत ते रण संपल्यानंतरच्या घटकेविषयी. शत्रूने शस्त्र खाली ठेवले आणि तो तुमच्या हाती सापडला. आता त्याचे काय करावयाचे?

या प्रश्नासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. सिंदखेडराजाचे लखुजीराव जाधव २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी गेले. तेथे त्यांची, अचलोजी व राघोजी या पुत्रांची आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. रणात समोरासमोर मारणे वेगळे, आणि विश्वासाने आलेल्या माणसाला घेरून मारणे वेगळे. तो फरक सिंदखेडराजाची ती भव्य समाधी आजही सांगत उभी आहे.

लखुजीराव हे जिजाबाईंचे वडील. या घटनेनंतर सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. आईने मुलाला काय सांगितले, हे आम्ही कल्पनेने रंगविणार नाही. परंतु त्या मुलाने पुढे आपल्या फौजेला कोणती शिस्त लावली, याची साक्ष शत्रूच देतो. मोगलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांचा उल्लेख शिव्याशापांवाचून क्वचितच करतो. तरीही त्याला लिहावे लागले की मशीद, कुराण आणि कोणाचीही स्त्री यांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा नियम होता. आणि पकडलेल्या स्त्रियांना, त्यांचे नातेवाईक खंड भरून सोडवून नेईपर्यंत, ते सांभाळून ठेवीत. खंड घेणे ही त्या काळची रीत होती. पण सांभाळणे ही रीत नव्हती, तो नियम होता.

नियम मात्र आपोआप टिकत नाही. आपल्या वऱ्हाडावर ज्यांचा अंमल होता त्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतरच्या दहा वर्षांत बंगालवर वारंवार चालून गेल्या. तेथील रयतेचे त्यांनी असे हाल केले की ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतात भीतीचा शब्द होऊन बसला. महाराजांचे नाव घेणाऱ्यांनी हेही पान वाचले पाहिजे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे युद्धकैद्यांविषयीचा करार झाला. भारताने तो १९५० मध्ये मान्य केला आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला. कैद्याने आपले नाव, हुद्दा, क्रमांक व जन्मतारीख एवढेच सांगावे. त्याला मारहाण करू नये. लोकांच्या कुतूहलासाठी त्याचे प्रदर्शन मांडू नये. लढाई थांबली की विनाविलंब घरी पाठवावे. यांत आम्हांस सर्वांत मोठे वाटते ते एकच कलम: कैद्यावर सूड उगवू नये. समोरच्याने तुमच्या माणसाचे हाल केले, म्हणून तुम्ही त्याच्या माणसाचे करू नये.

हे कलम कागदावर सोपे आहे. त्याची कसोटी आपल्या शेजारी, गोव्यात लागली. १९५५ मध्ये नि:शस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या चालविल्या. वीसहून अधिक माणसे मेली. नानासाहेब गोरे, मधु लिमये यांच्यासारख्यांना मारहाण झाली, लांबलचक शिक्षा झाल्या, आणि १९५७ पर्यंत त्यांना तुरुंगात काढावे लागले. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले व सशस्त्र लढ्यात उतरले. बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या किल्ल्यात नेऊन टाकण्यात आले.

मग १९६१ चा डिसेंबर आला. अवघ्या दीड दिवसात लढाई संपली आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता की जिंका किंवा मरा, शरण जाऊ नका. माणसे विनाकारण मारणे त्या सेनानीने नाकारले. सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक आपल्या हाती सापडले. सूड घ्यावयाचा तर याहून चांगली संधी कोणती?

आरंभी त्यांचे हाल झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. उघड्या सिमेंटच्या जमिनीवर झोपावे लागले, अंगमेहनतीची कामे पडली. पुढे फोंड्याच्या छावणीत व्यवस्था पुष्कळ सुधारली. मार्च १९६२ मध्ये काही कैद्यांनी कचऱ्याच्या गाडीतून पळण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर एका पोर्तुगीज कॅप्टनला बंदुकीच्या दस्त्यांनी मारहाण झाली. ती करविणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याला आपल्याच सैन्याने पुढे शिक्षा केली. श्रोतेहो, आमच्या मते त्या युद्धातला हा विजय दीड दिवसाच्या विजयाहून लहान नाही. रागावलेली माणसे सर्वच सैन्यांत असतात. नियम मोडणारा आपला आहे म्हणून त्याला पाठीशी घालावयाचे की नाही, यावर सैन्य आणि झुंड यांतला फरक ठरतो.

मे १९६२ मध्ये हे कैदी परत निघाले. लिस्बनच्या बंदरावर त्यांचेच लष्करी पोलीस बंदुका रोखून उभे होते. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वा बडतर्फ झाले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान त्यांना परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

येथे कोणी उठून विचारील, “आणि आमचे रानडे?” प्रश्न रास्त आहे. पोर्तुगीज कैदी घरी गेले आणि रानडे जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे, कोठडीत राहिले. तीन हजार माणसे हातात असताना एक माणूस का सोडवून घेतला नाही? आमचे उत्तर असे: त्यांच्या सुटकेसाठी बोलणी, दडपण, जगापुढे गाऱ्हाणे, सारे करावयास हवे होते. सुधीर फडक्यांनी त्यासाठी खटपट केली, अण्णादुराईंनी पोपपाशी शब्द टाकला. पण शरण आलेल्या शिपायाला तारण म्हणून डांबून ठेवणे हा मार्ग नव्हे. तो शिपाई सालाझारचा गुलाम होता, सालाझार नव्हता. तीच मोजपट्टी १९७१ लाही लावली पाहिजे. सुमारे ९३,००० कैद्यांना आपण बरे ठेवले, हे भूषण. पण लढाई १६ डिसेंबर १९७१ ला संपली आणि शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये गेले, हा विलंब भूषणाचा नव्हे.

आमचे आयुष्य युनियनमध्ये गेले. संपात फुटलेला कामगार गेटवर एकटा सापडला की पन्नास हात उठतात. त्या वेळी जो पुढारी त्याला मधे उभे राहून बाहेर काढतो, त्याचा संप टिकतो. हात उगारू देणारा पुढारी दुसऱ्या दिवशी आपल्याच माणसांना आवरू शकत नाही. युद्धात आणि संपात पुष्कळ अंतर आहे, पण मुठीत आलेल्या माणसाचा प्रश्न एकच आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आपला वैमानिक अभिनंदन पलीकडे उतरला. जमावाने त्याला मारले, त्याची चित्रे जगभर फिरली, तेव्हा याच शहरांत लोकांनी जिनिव्हा कराराचे नाव घेतले. बरोबर घेतले. मात्र तो करार आपल्या माणसापुरता नसतो. आपल्या हाती दुसऱ्याचा मुलगा सापडेल त्या दिवशीही त्याचे नाव आपल्या तोंडी आले पाहिजे.

सैनिकाला नियम शिकविण्याचे काम सरकार करील. टाळ्या कशाला वाजवायच्या, हे मात्र नागरिकाने शिकावयाचे असते. बांधलेल्या माणसाला मारल्याच्या चित्रावर टाळी वाजली, तर उद्या तो नियम कोणाच्याच उपयोगी पडणार नाही, आपल्या मुलाच्याही नाही.